'चेअर' : एका शब्दाची बैठक

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच 'चेअर' हा शब्द भेटतो. गुरुजी आपल्या खुर्चीकडे बोट दाखवतात आणि मुले एका सुरात म्हणतात, 'चेअर म्हणजे खुर्ची'. अर्थ कळला, धडा पुढे सरकला. पुढे हाच मुलगा मोठा होतो, इंग्रजी वर्तमानपत्र चाळू लागतो, आणि तिथे त्याला निराळेच काही दिसते. सभागृहात गोंधळ माजला तेव्हा 'चेअर'ने निर्णय दिला. अमुक विद्वानांना विद्यापीठात इतिहासाची 'चेअर' मिळाली. वक्त्यांनी एकमेकांशी न बोलता 'चेअर'ला उद्देशून बोलावे. मुलगा बुचकळ्यात पडतो. चार पायांची लाकडी वस्तू निर्णय कसा देते? आणि विद्वान माणसाला खुर्ची मिळाली ही काय छापण्यासारखी बातमी झाली?

वाचकहो, त्या मुलाची शंका अगदी रास्त आहे. ती फेडायची तर या शब्दाच्या मागे थोडे लांबवर जावे लागेल. जाणे फुकट जाणार नाही, कारण वाटेत ज्या गोष्टी लागतात त्या आपल्या गावच्या चावडीपर्यंत येऊन पोचतात.

'चेअर' हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. ग्रीक भाषेत 'कथेद्रा' असा शब्द होता. 'कथेद्रा' म्हणजे खाली टेकून बसायची जागा, आसन. ग्रीकांकडून तो लॅटिन भाषेत गेला, तिथून जुन्या फ्रेंच भाषेत, आणि १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांच्या फ्रेंचबरोबर तो पुढे इंग्रजीत उतरला. त्याआधी इंग्रजांना बसायला काही नव्हते असे नाही. त्यांचा स्वतःचा शब्द होता 'स्टूल'. जुन्या इंग्रजीत या शब्दाने कोणतेही आसन दाखवले जाई, राजाचे सिंहासनसुद्धा. पण राज्य बदलले तशी शब्दांचीही पायरी बदलली. पाठ टेकायची, मानाची ती 'चेअर' ठरली, आणि बिचारे 'स्टूल' बिनपाठीचे, बुटके होऊन कोपऱ्यात गेले. आजही आपण दिव्याचा बल्ब बदलायला स्टुलावर चढतो आणि पाहुण्याला मात्र खुर्ची देतो. जिंकलेल्यांचा शब्द खाली आणि जिंकणाऱ्यांचा वर, ही तऱ्हा भाषांच्या इतिहासात पुष्कळ ठिकाणी दिसते.

पण मानाची चेअर म्हणजे कोणाची? सुरुवातीला ती होती शिकवणाऱ्याची. रोमन काळात गुरू आसनावर बसून शिकवी. ख्रिस्ती धर्मात बिशप, म्हणजे एका मोठ्या प्रांताचा धर्मगुरू, आपल्या आसनावर बसून उपदेश करी. त्या आसनालाही 'कथेद्रा'च म्हणत. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन आहे ते 'कॅथीड्रल'. इमारत किती उंच आहे, घुमट किती मोठा आहे, याच्याशी या नावाचा संबंध नाही. आत बिशपचे आसन आहे की नाही एवढाच प्रश्न.

याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. फोर्ट भागात सेंट थॉमसचे चर्च आहे. ते १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. मुंबईच्या किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चच्या बाजूला होता त्याला 'चर्चगेट' म्हणत. तट पाडला गेला, दरवाजा गेला, पण नाव रेल्वे स्टेशनाला राहिले. शंभराहून अधिक वर्षे ही इमारत नुसती 'चर्च' होती. १८३७ साली मुंबईला स्वतंत्र बिशप आला, त्याचे आसन तिथे मांडले गेले, आणि तेच चर्च 'कॅथीड्रल' झाले. गोव्यात तर आणखी मौज आहे. जुन्या गोव्याच्या भव्य चर्चला लोक 'से कॅथीड्रल' म्हणतात. यातला 'से' हा पोर्तुगीज शब्दही लॅटिनमधल्या आसनवाचक शब्दापासूनच आलेला. म्हणजे त्या नावात आसन दोनदा बसले आहे!

धर्मगुरूंकडून ही चेअर विद्यापीठांत आली. एखाद्या विषयाच्या मुख्य प्राध्यापकाची कायमची जागा म्हणजे त्या विषयाची चेअर. केंब्रिज विद्यापीठाला हेन्री ल्यूकस या गृहस्थाने पैसा ठेवला आणि त्यातून १६६३ साली गणिताची चेअर सुरू झाली. आपल्याकडे विद्वानाला वर्षासन बांधून देत, त्यातलाच हा प्रकार समजा. तिच्यावर १६६९ साली न्यूटन आले, आणि तीनशे वर्षांनंतर, १९७९ ते २००९ या काळात, स्टीफन हॉकिंग होते. हॉकिंग यांचे सारे काम चाकांच्या खुर्चीतून चाले, पण त्यांची 'चेअर' ती नव्हे. त्यांची चेअर न्यूटनची होती, आणि ती लाकडाची किंवा लोखंडाची नाही. ती एक जबाबदारी आहे. माणसे येतात, शिकवतात, जातात. जागा राहते.

शिक्षकबंधूंनी इथे आपल्या शब्दांकडेही पाहावे. 'विद्यापीठ' या शब्दातले 'पीठ' म्हणजे तरी काय? आसनच. व्यासांचे आसन ते व्यासपीठ. न्यायमूर्ती जिथे बसतात ते न्यायपीठ, आणि उच्च न्यायालयाचे नागपूरला किंवा गोव्यात बसते ते खंडपीठ. विद्यापीठातल्या चेअरला आपण 'अध्यासन' म्हणतो, त्यातही 'आसन' आहेच. दूर देशातल्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट केली. बसायच्या जागेला कामाचे नाव दिले.

आता सभेच्या चेअरकडे येऊ. जुन्या इंग्रज घरात खुर्च्या फार नसत. घोडीवर फळ्या टाकून जेवणाचे टेबल मांडायचे, भोवती माणसे बाकांवर आणि स्टुलांवर, आणि पाठीची एखादी खुर्ची असली तर ती घरधन्याला. फळीला इंग्रजीत म्हणतात 'बोर्ड'. फळीभोवती बसून विचार करणारी मंडळी तीही 'बोर्ड', आणि खुर्चीवरचा तो 'चेअरमन'. आपल्या आजोबांच्या तोंडी 'बोर्डाची शाळा' हा शब्द असे. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली, १ मे १९६२ पासून त्यांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या. 'बोर्डा'च्या शाळेत फळ्यावर धडे गिरवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की बोर्ड म्हणजेसुद्धा फळीच!

ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चेअरमन आणि त्याचा उपाध्यक्ष या दोघांना मिळून नुसते 'चेअर्स' म्हणत. म्हणजे हिंदुस्थानातल्या लाखो रयतेच्या नशिबाचे हुकूम दोन खुर्च्यांच्या संमतीने निघत. खुर्चीला असा जोर आला की तिच्यावर कोणाचा ताबा, हा प्रश्न उभा राहतोच. तो प्रश्न इंग्लंडच्या पार्लमेंटात एकदा अक्षरशः हातघाईवर आला. तो प्रसंग सांगतो.

पार्लमेंटच्या सभापतीला 'स्पीकर' म्हणतात. रिवाज असा की स्पीकर खुर्चीवर आहे तोवर सभा चालू, तो उठला की सभा संपली. पहिला चार्ल्स राजा सभेच्या संमतीवाचून कर घेऊ पाहत होता आणि सभासदांना ते मान्य नव्हते. २ मार्च १६२९ रोजी राजाचा हुकूम आला, सभा तहकूब करा. स्पीकर सर जॉन फिंच खुर्चीवरून उठू लागले. ते उठले असते तर सभासदांचे ठराव तिथेच बुडाले असते. तेव्हा डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन हे दोन सभासद पुढे झाले आणि त्यांनी स्पीकरला धरून खुर्चीत दाबून बसवले. फिंच रडू लागले. दार आतून बंद, बाहेर राजाचा दूत दार ठोठावतोय, आणि आत बेकायदा करांविरुद्ध ठराव वाचले जाताहेत! ठराव आवाजी मताने झाले आणि मग सभा उठली. राजाने पार्लमेंट मोडले आणि पुढली अकरा वर्षे भरवलेच नाही. या चळवळीचे पुढारी सर जॉन एलियट १६३२ साली तुरुंगातच वारले.

पुन्हा ४ जानेवारी १६४२ रोजी तोच राजा हत्यारबंद शिपाई घेऊन, पाच सभासदांना पकडायला, स्वतः सभागृहात शिरला. स्पीकर लेन्थॉल यांची खुर्ची त्याने थोडा वेळ मागून घेतली आणि विचारले, ते पाच जण कुठे आहेत? लेन्थॉल गुडघे टेकून, अदबीने, पण ठाम बोलले. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की या जागी मला डोळे नाहीत आणि जीभही नाही. सभा सांगेल तेवढेच मी पाहतो नि बोलतो. पाचही जण आधीच निसटले होते. राजा हात हलवीत परत गेला. तेव्हापासून कॉमन्स सभा चालू असताना राजा किंवा राणी तिथे पाऊल ठेवत नाही.

तेरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १६२९ सालचा स्पीकर राजाच्या सांगण्यावरून उठत होता, म्हणून सभासदांना त्याला धरून बसवावे लागले. १६४२ सालच्या स्पीकरने ओळखले होते की आपण बसलो आहोत ती खुर्ची राजाची नाही, आपलीही नाही, सभेची आहे. 'चेअर' या शब्दाचा सारा लाक्षणिक अर्थ या ओळखीत आहे. सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इंग्रजीत अध्यक्षालाच 'चेअर' म्हणू लागले ते काही उगीच नव्हे. 'साहेबांनी' निर्णय दिला म्हटले की साहेब मोठे होतात. 'चेअर'ने निर्णय दिला म्हटले की साहेब मागे राहतात आणि सभा पुढे येते.

अलीकडे काही लोक म्हणतात, अध्यक्ष स्त्री असते म्हणून हल्ली 'चेअरमन' सोडून 'चेअर' म्हणण्याची नवी टूम निघाली आहे. कारण खरे आहे, पण शब्द नवा नाही. तो साडेतीनशे वर्षांचा आहे. स्त्रिया अध्यक्षस्थानी येऊ लागल्यावर इंग्रजीला नवे काही घडवावे लागले नाही. जुन्या पेटीतला शब्द काढून पुसून घेतला, एवढेच. खुर्ची पुरुष नाही आणि स्त्रीही नाही.

आणि लाकडाचे म्हणाल तर ते जळते. दुसऱ्या महायुद्धात १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबहल्ल्यात कॉमन्सचे सभागृह जळाले. १९५० साली नवे सभागृह उघडले तेव्हा स्पीकरची नवी खुर्ची ऑस्ट्रेलियाने भेट दिली, आणि प्रवेशाचे दरवाजे दिले भारताने आणि पाकिस्तानाने. खुर्ची नवी, लाकूड परदेशचे, पण स्पीकरचा अधिकार एका दिवसानेही तुटला नव्हता.

आपल्या देशातही ही परंपरा परक्या राज्यात, मोठ्या हिमतीने रुजली. १९२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने विठ्ठलभाई पटेल यांना अध्यक्ष निवडले. निवडून आलेले ते पहिले हिंदी अध्यक्ष. ते स्वराज्य पक्षाचे लढवय्ये पुढारी होते, पण खुर्चीवर बसताच त्यांनी पक्षाशी संबंध सोडला. १९२९ साली सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेचे विधेयक आणले. मीरतचा खटला कोर्टापुढे असताना त्याच विषयावर सभेत चर्चा होऊ शकत नाही, असा निर्णय विठ्ठलभाईंनी दिला आणि विधेयक अडवले. शेवटी व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला. बंदुका सरकारकडे होत्या, बहुमताची जुळवाजुळवही होत होती, पण खुर्ची सभेची होती.

स्वतंत्र भारतात १९५२ साली लोकसभेचे पहिले सभापती झाले ते दादासाहेब मावळणकर. मूळ कोकणातले मराठी घराणे, आयुष्य गेले गुजरातेत. लोकसभेचे अनेक रिवाज त्यांनी घालून दिले आणि १९५६ साली त्या पदावर असतानाच ते वारले.

आता आपली 'खुर्ची' पाहा. हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीतही त्याला सिंहासनाचा मान आहे. पण मराठीत लाक्षणिक अर्थाने हा शब्द कसा वापरतात? 'त्याला खुर्चीचा मोह सुटत नाही.' 'तो खुर्चीला चिकटून बसलाय.' 'नुसता खुर्ची उबवतोय.' 'खुर्ची गेली आणि माणसे पांगली.' एकूण एक वाक्यात खुर्ची आहे ती माणसाच्या लोभाची. इंग्रजीत चेअरवर बसतात, सभा संपली की चेअर सोडतात, आणि दोन्ही गोष्टी तितक्याच साध्या मानल्या जातात. इंग्रज लोक आपल्यापेक्षा निर्लोभी असतात असे मी म्हणत नाही, त्यांची कंपनी आपण पाहिली आहे! पण त्यांच्या भाषेने एक शब्द असा राखून ठेवला की ज्यात माणूस आणि जागा वेगळी राहते. आपल्या बोलण्यात खुर्चीमागे अजून 'गादी' लपलेली आहे. गादी बापाकडून मुलाकडे जाते. खुर्ची मतांनी मिळते आणि मुदत संपली की परत करायची असते. खुर्चीला गादी समजले की सगळा घोटाळा सुरू होतो.

आणि आपला खास शब्द तर फारच चांगला आहे. 'अध्यक्ष' म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खात्याखात्यांवरच्या अधिकाऱ्यांना हाच शब्द आहे. इंग्रजी शब्द बसायला सांगतो, आपला शब्द डोळे उघडे ठेवायला सांगतो. दोन्ही मिळून अध्यक्षाचे काम पुरे होते.

असा डोळस माणूस आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातही झाला आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारताना विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव पायपीट करून शेतकऱ्यांचे भाग जमवले. १९५० च्या अखेरीस कारखाना चालू झाला. पण त्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. ज्याने घाम गाळला त्याने पहिली खुर्ची दुसऱ्याला दिली, कारण त्या वेळी त्या खुर्चीला कोणता माणूस हवा हे त्याला दिसत होते. 'चेअरमनसाहेब' म्हणताना हे आठवावे.

शेवटी बसण्याचीच एक गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा होता. हुशारीने जी जागा त्याला मिळायला हवी होती तिथे त्याला बसता येत नसे. अस्पृश्य म्हणून त्याने एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर बसायचे, आणि संध्याकाळी ते तरट बरोबर घरी न्यायचे, कारण शाळेचा गडीही त्याला शिवत नसे. डॉक्टर आंबेडकरांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि तोच मुलगा तिचा अध्यक्ष झाला. तरटापासून त्या खुर्चीपर्यंतचे अंतर त्यांनी तोडले, आणि घटना अशी लिहिली की पुढच्या कोणाला ते तोडावे लागू नये.

वाचकहो, कायद्याने आपले काम केले आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्याही जागा राखीव आहेत. पण कित्येक गावांत सरपंचबाई सहीपुरत्या आणि खुर्चीवर त्यांचे यजमान, असे दृश्य अजून दिसते. कुठे निवडून आलेला माणूस गावच्या थोरांपुढे खुर्चीवर बसायला कचरतो, कुठे त्याला बसू दिले जात नाही. तिथे कोणी म्हणेल, 'अहो, खुर्चीचे काय एवढे? काम झाल्याशी कारण.' त्याला सांगावे, खुर्चीचेच सारे आहे बाबा. ती बाईंची नाही, तिच्या यजमानांची तर नाहीच नाही. ती ग्रामसभेची आहे. ग्रामसभेने जिला निवडले तिनेच तिथे बसले पाहिजे, आणि दुसऱ्या कोणाला तिथे बसू देण्याचा अधिकार तिलाही नाही.

गुरुजींना आणि शाळेतल्या बाईंना माझी एक विनंती आहे. स्नेहसंमेलनात आपण संगीत खुर्ची खेळवतो. खेळ मजेचा आहे, पण त्यात धडा एवढाच की दुसऱ्याला हुसकून आपण बसावे. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा वर्गाची सभा घ्या. दर वेळी नवा अध्यक्ष निवडू द्या, कधी मुलगा, कधी मुलगी, कधी मागच्या रांगेतले, फारसे न बोलणारे पोर. बोलणाऱ्याने अध्यक्षाकडे पाहून बोलावे, अध्यक्ष 'थांबा' म्हणाला की थांबावे, मग बोलणारा पाटलाचा मुलगा असो की हेडमास्तरांचा. सभा संपली की अध्यक्षाने उठून आपल्या जागी जाऊन बसावे. 'चेअर म्हणजे खुर्ची' हा अर्थ मुलांना आधीच पाठ आहे. उरलेला अर्थ त्या अर्ध्या तासात कळेल.